उपाशी पोटी या

लॅबवाल्याने फोनवर "रात्री साडेआठनंतर काही खाऊ नका, सकाळी उपाशी पोटी या" असं सांगितलं की त्याच रात्री घरात खाण्यासारखं काहीतरी येतंच. एरवी आमच्याकडे दुधी असतो हो, पण ब्लड टेस्टच्या आदल्या दिवशी साडेनऊला शेजारच्या वहिनी खरवस घेऊन हजर.

त्यात मुलगी यंदा अकरावी सायन्सला, आणि तिचा बायोमॉलिक्यूल्सचा धडा नेमका आत्ताच चालू आहे. म्हणजे मी पाण्यावर दिवस काढतोय आणि ही समोर खरवस खात खात मोठ्याने पाठ करतेय, कार्बोहायड्रेट, प्रोटीन, लिपिड, न्यूक्लिइक ॲसिड. पहिल्या तिघांच्या नावाने मला भात, पनीर आणि तूप दिसायला लागलं, चौथ्याचं काही दिसेना, तर म्हणाली बाबा, डीएनए हो, १८६९ मध्ये मीशर नावाच्या माणसाला तो पहिल्यांदा सापडला, जखमेच्या पट्ट्यांवरच्या पुवात. भूक मेली. थँक्यू मीशरसाहेब.

सकाळी सातला नौपाड्यात पोचलो तर अर्धं ठाणं उपाशी बसलेलं. क्लासला जायला वेळ होता म्हणून मुलगीही सोबत. शेजारचे एक आजोबा मोठ्या अभिमानाने सांगत होते, "आठवडाभर भात बंद, साखर बंद, आता रिपोर्ट बघा कसा येतो!" माझाही प्लॅन साधारण तोच होता, फक्त मी तो काल रात्रीपासून सुरू केलेला. मुलगी म्हणाली, "आजोबा, फास्टिंग शुगर येईल कमी, पण एचबीएवनसी फसत नाही. हिमोग्लोबिन हे प्रोटीन आहे, त्याला साखर चिकटली की चिकटली, आणि लाल पेशी जगतात साधारण १२० दिवस, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं त्यात दिसतं." आजोबांनी तिच्याकडे असं बघितलं जणू साखर तिनेच चिकटवलीय. मी हळूच हिशोब केला. तीन महिन्यांत गणपती बसतात. उकडीचे मोदकही बसतात.

"काका, मूठ घट्ट." सुई. मी सवयीप्रमाणे दुसरीकडे बघितलं तर समोर ट्यूबा, एकीला जांभळं बूच, एकीला पिवळं, एकीला करडं. करडं कशाला म्हणून सहज विचारलं तर टेक्निशियन ताई म्हणाली, "शुगरसाठी. त्यात फ्लोराइड असतं. नाहीतर रक्तातल्या पेशी बाटलीतसुद्धा ग्लुकोज खात बसतात, आकडा खाली येतो." म्हणजे बघा, मी बारा तास उपाशी, आणि माझंच रक्त अंगातून बाहेर पडल्या पडल्या जेवायला बसतं! माझ्याकडून निघून त्याला इतकी घाई?

रिपोर्ट संध्याकाळी आला. एचबीएवनसी ६.१, म्हणजे डायबेटिस नाही पण त्याच्या दारात, ५.७ ते ६.४ हा तो उंबरठा. ट्रायग्लिसराइड्स पण वर. मी चिडलोच, तेल तर आपण कधीच कमी केलंय! मुलीला आयतंच मिळालं, म्हणे एक ग्लिसरॉल आणि त्याला तीन फॅटी ॲसिड्स, झालं ट्रायग्लिसराइड, आणि ते तेल न पितापण होतं, भात आणि साखर जास्त झाली की लिव्हर त्याचीच चरबी करून ठेवतं. इतकी वर्षं मी तळणाला शिव्या देत तिसऱ्यांदा भात घेत होतो.

"बरं, मग उपास करतो," म्हटलं. तर बायको म्हणाली, "अहो, तुमचा उपास म्हणजे साबुदाणा." आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, म्हणजे ग्लुकोजच, एकाला एक जोडलेलं. वर बटाटा, तोही स्टार्च. वर साखर घातलेलं दही. देवाला हे चालतं, लिव्हरला नाही.

डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांनी परत टेस्ट करू. तेव्हापासून कॅलेंडर घेऊन बसलोय, सणाशिवायचे सलग तीन महिने शोधतोय. दसऱ्याला श्रीखंड, मग दिवाळीचा फराळ, मार्गशीर्षातले गुरुवार, संक्रांतीला तिळगूळ आणि गुळाची पोळी, होळीला पुरणपोळी, पाडव्याला परत श्रीखंड, की लगेच आंबे. आंबे संपले की आषाढी, म्हणजे साबुदाणा.

मुलगी म्हणते बाबा, सणाच्या दिवशी नाही, मधल्या दिवसांत खाता ते बघा. ही नवीन पिढी फार टोचून बोलते. मी ऑफिसातल्या गुजराती मित्राचं कॅलेंडर मागवलंय.