गंगा-जमुनाला कुलूप लावून रोग थांबत नाही

नागपुरात गंगा-जमुना या देहविक्रीच्या वस्तीचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे केला जातो: तिथल्या बायका स्वखुशीने धंद्यात आहेत, कंडोम फुकट मिळूनही त्या वापरत नाहीत, म्हणून त्यांची सक्तीने तपासणी करावी आणि वस्ती कायमची बंद करावी, म्हणजे रोगराई आटोक्यात येईल.

प्रथम स्वखुशीविषयी. काही सज्ञान स्त्रिया स्वतःच्या निर्णयाने या व्यवसायात आहेत आणि त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवलाच पाहिजे; परंतु स्वतःहून आलेल्या बाईवरही जबरदस्ती होऊ शकते. मालकिणीकडून घेतलेली उचल आणि तिच्यावर चढत जाणारे व्याज फिटेपर्यंत गिऱ्हाईक नाकारण्याची मुभा तिला उरत नाही.

कंडोमचा मुद्दा इथेच येतो, आणि माझ्या मते दाव्यातील सर्वांत मोठा अन्याय हाच आहे. कंडोम पुरुषाने वापरायचा असतो. बंद खोलीत दारू प्यालेला माणूस जास्तीचे पैसे पुढे करतो किंवा हात उगारतो; तिने ठाम नकार दिला तर तो शेजारच्या खोलीत जातो आणि त्या रात्रीच्या कमाईचा जाब मालकीण तिला विचारते. बळजबरीच्या संबंधात जखमा होऊन संसर्गाचा धोका वाढतो. परमा आणि क्लॅमिडिया या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांची लक्षणे स्त्रियांमध्ये बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे उपचार लांबतात, गर्भनलिकांना इजा होते आणि एचआयव्हीची जोखीमही वाढते. कोलकात्याच्या सोनागाछी या अशाच वस्तीत १९९२ पासून याच व्यवसायातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून पुढे आणले गेले आणि तिथे कंडोमचा वापर वाढला, कारण एकीने नव्हे तर सगळ्यांनी मिळून नकार दिला की गिऱ्हाइकाला दुसरे दार उरत नाही.

सक्तीच्या तपासणीला कायद्याचाच अडसर आहे: २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही. शिवाय संसर्गानंतर काही आठवडे चाचणी निर्दोष येऊ शकते, आणि ज्याच्याकडून तो येतो त्या गिऱ्हाइकाला कोणी तपासत नाही.

राहिली वस्ती बंद करण्याची मागणी. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी गंगा-जमुनाचे रस्ते अडथळे लावून बंद केले होते. अशा कारवाईने उचल फिटत नाही; धंदा लॉजवर आणि मोबाइलवर सरकतो, जिथे आरोग्यसेविका पोहोचत नाही आणि मारहाण झाली तर धावून येणारी शेजारीणही नसते. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने कंडोमला गुन्ह्याचा पुरावा मानू नये आणि लैंगिक अत्याचार झालेल्या या स्त्रियांना तातडीची वैद्यकीय मदत मिळावी, असे बजावले आहे. एचआयव्ही टाळणारी औषधे अत्याचारानंतर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. पोलिसांच्या भीतीने लॉजमध्ये लपलेली बाई तेवढ्या वेळात मेडिकलपर्यंत, म्हणजे सरकारी रुग्णालयापर्यंत, कशी पोहोचणार, याचे उत्तर वस्तीला कुलूप लावू पाहणाऱ्यांनी द्यावे.