इंजेक्शन मंजूर, सिरिंज नामंजूर

टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये राहणाऱ्या मराठी माणसासमोर विमा कार्डाचा विषय काढायचा असेल तर आधी दोन पावलं मागे सरका. आमच्या घरात तर त्या कार्डाला घालायच्या शिव्याही आता संपत आल्यात.

हप्ता नवऱ्याच्या पगारातून महिन्याच्या महिन्याला बिनबोभाट कापला जातो. त्याला कधी कुणाचं अप्रूव्हल लागत नाही. अप्रूव्हल लागतं ते आजारी पडल्यावर!

लेकीला मलेरिया झाला. त्यात नवल नाही, इथे तो होतोच. ताप दिसला की पहिली टेस्ट त्याचीच, रॅपिड टेस्टचा निकाल पंधरा-वीस मिनिटांत हातात येतो, आणि खरं सांगते, मलेरियाच्या बाबतीत इथल्या डॉक्टरवर माझा पुण्यातल्या डॉक्टरपेक्षा जास्त भरवसा आहे. साधा मलेरिया असला तर आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनच्या गोळ्या, ३ दिवसांत ६ डोस, घरच्या घरी. पण पोरगी गोळी गिळली की ओकत होती, मान टाकून पडली होती. डॉक्टरांनी बघताक्षणी ॲडमिट करायला सांगितलं. आर्टेसुनेट शिरेतून द्यायचं: एक आत्ता, दुसरं १२ तासांनी, तिसरं २४ तासांनी. फाल्सिपेरम मलेरिया, म्हणजे त्यातला सगळ्यात घातक प्रकार, एका दिवसात जिवावर बेततो, तो कुणाच्या सहीसाठी थांबत नाही.

पण कार्ड थांबतं ना! रिसेप्शनवर आधी बोट टेकवा. पोरीचं बोट घामाने ओलं, यंत्र काही ते घेईना. ‘पोले साना, ममा’ (स्वाहिलीत ‘फार वाईट वाटतं हो, आई’) म्हणत त्या बिचाऱ्या मुलीने तीन-चारदा ते पुसून पुन्हा टेकवलं. मग प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज, विमा कंपनीला पाठवलं. मग उत्तर येईपर्यंत डिपॉझिट भरा. एम-पेसावर, म्हणजे मोबाइलमधल्या खात्यात, होते तेवढे दिले, बाकीचे शेजारच्या गुजराती काकांनी रात्री कपाटातून काढून दिले. डॉक्टर शहाणे, त्यांनी पैशांची वाट न बघता पहिला डोस देऊन टाकला होता.

आणि विमा कंपनीतला साहेब फोनवर मला विचारतो, ‘ओपीडीत भागलं नसतं का?’ अरे बाबा, पोरगी पाण्याचा घोट पोटात ठेवत नाहीये, आणि तू मला ओपीडी शिकवतोस? कधी आजारी मूल मांडीवर घेतलंयस का? तिसरा डोस शिरेत गेला तरी आमचं प्रकरण आपलं ‘अंडर रिव्ह्यू’च. अखेर मंजुरी आली ती कात्री लावून. खोलीचं भाडं आमच्या ‘कॅटेगरी’त बसत नाही म्हणे. ग्लोव्हज, कॅन्युला (शिरेत बसवायची नळी), सिरिंज म्हणजे ‘कन्झ्युमेबल्स’, वापरून टाकायच्या वस्तू, ते पॉलिसीत नाहीत. म्हणजे इंजेक्शन मंजूर, सिरिंज नामंजूर! औषध काय चमच्याने पाजायचं होतं का शिरेत?

‘मग भारतात येऊन उपचार घ्या ना, आता तर मुंबईला थेट विमान आहे,’ असं सांगणारे नातेवाईक वेगळे. विमान आहे हो, २०१९ मध्येच सुरू झालं. पण इथला विमा म्हणतो, भारतातला उपचार तेव्हाच, जेव्हा तो इथे होतच नसेल, आणि तोही आमची आधी परवानगी घेऊन. तिकडची मेडिक्लेम म्हणते, आमचा संबंध भारतातल्या हॉस्पिटलशी, दार-एस-सलाममध्ये काय झालं ते तुम्ही बघा. बरं, तिकडची बंद करावी तर परत गेल्यावर वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम मिळेपर्यंत थांबायचा काळ, पहिल्यापासून सुरू. पूर्वी जुन्या आजारांसाठी तो जास्तीत जास्त ४८ महिने असायचा, २०२४ पासून ३६ वर आणलाय. मोठेच उपकार! नवऱ्याला बीपी आहे, म्हणजे मेडिक्लेम सोडायची सोय नाही. दोन देशांत दोन हप्ते, आणि पोरीसाठी डिपॉझिट कुणाच्या कपाटातून? काकांच्या!

त्या बीपीच्या गोळ्यांची तर वेगळीच कथा. इथल्या फार्मसीत भारतातलीच कंपनी, भारतातलीच गोळी, भाव मात्र ऐकवत नाही. विम्यातली आउटपेशंटची, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांची, वर्षाची मर्यादा आधी लेकीच्या सर्दी-तापात संपते. म्हणून दादरहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत भाकरवडीच्या शेजारी कुणाच्या ना कुणाच्या गोळ्या असतात. चाळिशीतली शिकलेली माणसं आम्ही, औषधं अशी पाहुण्यांच्या सामानातून आणतो.

सासू-सासरे आले, म्हटलं इथलं झांझिबार बेट दाखवू. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे परदेशी पाहुण्याला तिथल्या सरकारी कंपनीचाच विमा घ्यावा लागतो, माणशी ४४ डॉलर. पुण्याहून निघताना काढलेला प्रवास विमा दाखवला तर चालत नाही. दोन दिवस समुद्र बघायला दोघांचे ८८ डॉलर. भरले, काय करता!

घरकामाला येणाऱ्या बाईकडे कुठलंच कार्ड नाही. नातवाला ताप आला की सरकारी डिस्पेन्सरीच्या बाकावर बसून राहते. सगळ्यांना आरोग्य विमा देण्याचा कायदा इथे २०२३ मध्ये झाला, तिच्या हातात अजून काही पडलेलं नाही. तिच्यासमोर मी हे रडगाणं गात नाही, तेवढी लाज आहे. पण ज्यांनी पैसे घेतलेत त्यांना बोलायला मला कसली लाज?

एवढं झाल्यावर मी इथली पॉलिसी पानन् पान वाचली. एअर ॲम्ब्युलन्सचं कलम शोधत होते, कारण खरंच गंभीर काही झालं तर लोकांना इथून केनियातल्या नैरोबीला हलवतात. कलम सापडलं. रुग्णाला हलवायचं की नाही हे त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर ठरवणार नाही, कंपनीचा डॉक्टर ठरवणार. तो बसतो लंडनला. आणि हलवायचं झालंच तर ‘जवळच्या योग्य हॉस्पिटलात’. योग्य कोणतं, तेही तोच ठरवणार.

नवऱ्याला म्हटलं, उद्याच्या उद्या एचआरला विचार, रात्री-बेरात्री वेळ आली तर फोन कुणाला करायचा. त्याने विचारलं. उत्तर आलं, ‘इव्हॅक्युएशन फक्त सीनियर मॅनेजमेंटच्या कार्डावर आहे, तुमच्या ग्रेडला लागू नाही.’ वर पुढच्या वर्षाच्या वाढीव हप्त्याचं पत्रक जोडलेलं. ते मात्र सगळ्या ग्रेडना लागू आहे.