तीन ‘दुसऱ्या’

फाइलींची नावं मराठीत ठेवायची, हा हट्ट माझा होता. आधीच कबूल करून टाकतो, कारण बाकी दोघांनी हे मला इतक्यांदा ऐकवलंय की लपवण्यात अर्थ उरलेला नाही.

आम्ही तिघं मिळून एक मार्गदर्शिका लिहितोय. मी लिनक्सवर, मैत्रीण जुन्या मॅकवर आणि आमचे सर विंडोजवर. सगळा मजकूर गिटमध्ये, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवून सगळ्यांच्या प्रती जुळवून ठेवणाऱ्या प्रणालीत. मजकूर मराठी, लिहिणारे मराठी, मग फाइलीचं नाव ‘ड्राफ्ट टू कॉमेंट्स’ का म्हणून? मी ‘दुसऱ्या_मसुद्यावरचे_शेरे’ अशी फाइल केली, ऐटीत गिटला स्टेटस (काय काय बदललंय ते) विचारला आणि पडद्यावर उमटलं: \३४०\२४४\२४६\३४०\२४५\२०१... असं दोन-तीन ओळी.

एवढ्यात फक्त ‘दु’ झाला होता. अक्षरं संगणकात साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. उकारही त्यातून सुटत नाही. आणि इंग्रजीबाहेरचा बाइट दिसला की गिट तो अष्टमान (शून्य ते सात एवढेच अंक वापरणाऱ्या) आकड्यांत छापतं. कोअर-क्वोटपाथ नावाची एक सेटिंग आहे, ती ‘फॉल्स’ केली की नाव नावासारखं दिसतं. मी ती केली. ही माझी पहिली चूक. मैत्रिणीचं इंटरनेट रडत होतं, म्हणून अख्खी रिपॉझिटरी (सगळ्या फाइली आणि त्यांचा इतिहास) पेनड्राइव्हवर घालून दिली. ही दुसरी.

चौथ्या दिवशी माझ्या फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी नांदत होत्या. असं होऊच शकत नाही, हे कुठल्याही शेंबड्या पोराला माहीत असतं. मी फोन लावला.

“अगं, शेऱ्यांची फाइल दोनदा टाकलीस का?”

“छे. गिट म्हणालं, ही फाइल माझ्या ओळखीची नाही. म्हणून ॲड केली. माझ्याकडे तर एकच दिसतेय.”

“माझ्याकडे दोन आहेत.”

“चष्मा पूस.”

चष्मा पुसला. दोनच होत्या. मग मी सरळ त्यातली तिने टाकलेली उडवली, कमिट केलं (बदल नोंदवला), पुश केलं (तो सगळ्यांसाठी पाठवला) आणि पाणी प्यायला उठलो. परत येईपर्यंत फोन वाजत होता.

“अरे, माझ्याकडे एकच होती, तीपण गेली!”

मी जुळ्यातलं एक हलवलं आणि तिकडे एकुलतं एक गेलं.

गेलेली फाइल इतिहासातून परत आणली आणि दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून अर्धा तास अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. तीळमात्र फरक नाही. शेवटी वैतागून ती क्वोटपाथची सेटिंग पूर्ववत केली, आणि ज्या आकड्यांचा मला इतका तिटकारा होता त्यांनीच चोर पकडून दिला. एका नावात जिथे \२६१ होतं, तिथे दुसऱ्या नावात \२६०\३४०\२४४\२७४ होतं. बाकी सगळं सारखं.

म्हणजे भानगड ‘ऱ’ची. हा ऱ दोन प्रकारे लिहिता येतो: एकतर अख्खा ऱ, नाहीतर साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता, म्हणजे ठिपका. जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या लेखी दोन्ही एकच. मॅकची जुनी एचएफएस-प्लस ही फाइलव्यवस्था प्रत्येक नाव सुटं करूनच ठेवते, त्यामुळे मी दिलेला अख्खा ऱ तिच्या डिस्कवर र आणि नुक्ता असा फुटून बसला होता. (२०१७ साली आलेली एपीएफएस दिलेलं नाव आहे तसं ठेवते आणि शोधताना दोन्ही एकच धरते. मैत्रिणीचा मॅक त्याआधीचा आणि तिच्या फार लाडका.) लिनक्सला यातलं काहीच माहीत नाही. नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट नको, बाकी काय वाटेल ते घाला. गिटही त्याच घरात वाढलेलं. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली ते लिनक्सच्या कर्नलसाठीच लिहिलं. त्यामुळे बाइट वेगळे तर फाइल वेगळी, विषय संपला. मॅकसाठी २०१२ पासून गिटमध्ये प्रीकंपोझ-युनिकोड ही सुटी अक्षरं पुन्हा जोडून घेणारी सेटिंग आहे, आणि क्लोन करताना, म्हणजे गिटकडूनच प्रत घेताना, ती डिस्क बघून आपली आपण लागते. पण क्लोन कोणी केलं होतं? मी पेनड्राइव्ह दिला होता.

चिडचिड याची की देवनागरीत असं कधी जोडून, कधी तोडून वावरणारी अक्षरं मोजकीच आहेत, जसं ऩ, ऱ आणि ऴ. पहिलं आणि तिसरं मराठीच्या वाटेलाही जात नाहीत. उरलेलं एक मात्र बऱ्याच, खऱ्या, साऱ्या, येणाऱ्या-जाणाऱ्या शब्दांत पाय पसरून बसलंय.

गिटआधीच्या सबव्हर्जन या प्रणालीत निदान काही घोटाळे तरी असे आतल्या गाठीचे नसत. सर्व्हरवर लोकेल (भाषेची सेटिंग) नुसतं ‘सी’, म्हणजे इंग्रजीपुरतं, असलं की मराठी नाव बघून ते ‘रूपांतर जमत नाही’ असं तोंडावर सांगायचं आणि थांबायचं. अपमान व्हायचा, पण लगेच व्हायचा.

मॅकवर सेटिंग लावली, जादाची नोंद काढली, पुश केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. या वेळी सरांकडून.

“सर, तुम्ही ‘ऱ्या’ टाइप कसा करता?”

“लिहितात तसा.”

“म्हणजे?”

“र घ्यायचा, पाय मोडायचा, मग ते एक बटण दाबायचं आणि या.”

ते एक बटण म्हणजे शून्य रुंदीचा जोडक, झीरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना दिसत नाही, जागा घेत नाही, बाइट मात्र तीन खातो. युनिकोड या रूपाला ऱ च्या बरोबरीचं मानतच नाही, त्यामुळे नाव सुटं करा की जुळवून घ्या, ही जोडी जुळत नाही. मी बाइट मोजले. माझा ‘दुसऱ्या’ एकवीस, मैत्रिणीचा चोवीस, सरांचाही चोवीस, आणि त्या दोघांचेही एकमेकांशी जमत नाही. असल्याच अदृश्य चिन्हांमुळे २०१४ साली गिटला सुरक्षेची दुरुस्ती काढावी लागली होती, कारण एचएफएस-प्लस नावं ताडताना ती चिन्हं वगळतं आणि भलत्याच फोल्डरला गिटचं खासगी फोल्डर समजू शकतं. हे वाचून मला जरा बरं वाटलं.

तिघांची बैठक झाली. नावं इंग्रजीत करण्याचा प्रस्ताव मी एकट्याने फेटाळला. ठरलं असं, की नावं मराठीच, फक्त ऱ नको. तेव्हापासून आमची मराठी फार जपून पावलं टाकते. ‘दुसऱ्या मसुद्यावरचे शेरे’ झाले ‘मसुदा दोन शेरे’. ‘बऱ्याच चुका’ झाल्या ‘पुष्कळ चुका’. ‘अपुऱ्या टिपा’ आता ‘अर्धवट टिपा’. ‘वापरणाऱ्यांसाठी’वर सरांनी दोन दिवस विचार केला आणि ‘वापरकर्ते यांच्यासाठी’ असं कोर्टाच्या समन्सासारखं काहीतरी काढलं.

काल ‘तिसऱ्या_मसुद्यावरचे_शेरे’ आली. माझं डोकंच फिरलं. पहिल्या शब्दाचे बाइट मोजले, चोवीस. सरांना झाडायच्या तयारीने लॉग उघडला. कमिट रात्री पावणेबाराचं होतं. उसन्या लॅपटॉपवरून, मी केलेलं.