कपाटासमोर कराटे

कराटेचा क्लास घरापासून फार लांब गेला, तेव्हा सर म्हणाले, ‘‘घरी काता करत जा. त्याला दुसरं कोणी लागत नाही.’’ खरंच लागत नाही. फक्त खोली लागते, आणि माझ्या खोलीत आधीपासून डबल बेड राहतो.

काता म्हणजे न दिसणाऱ्या शत्रूंशी ठरलेल्या क्रमाने केलेली मारामारी. मी करते तो हेआन शोदान, 21 हालचालींचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटेगुरू इतोसु अंको यांनी जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळकरी पोरांसाठी पाच काते बेतले, त्यातला हा. शाळकरी पोरांसाठी! माझं वय 43. सातव्या हालचालीला माझा गुडघा दाराच्या बिजागरीसारखा वाजतो. शत्रूला आधीच सूचना मिळते.

जमिनीवर याचा नकाशा इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा. डावीकडे एक शत्रू, उजवीकडे एक, मग सरळ पुढे तीन पावलं. तिथे पुन्हा डावी-उजवी, तीन पावलं परत, आणि शेवटी जिथून निघालो तिथेच येऊन उभं राहायचं. म्हणून मी फरशीवर चिकटपट्टीची फुली मारली आहे. फुलीवर सुरू, फुलीवर संपलं पाहिजे.

आता भूगोल सांगते. फुलीच्या मागे पलंग, समोर कपाट. पुढे जायची दोन पावलं कशीबशी बसतात. तिसरं टाकायचं तर कपाटाचं दार उघडून साड्यांमध्ये शिरावं लागेल. शिवाय पवित्रा ऐसपैस हवा: पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, मागची टाच जमिनीला टेकलेली. मग मी तिसरं पाऊल अर्धंच टाकते आणि कपाटाच्या हँडलच्या वर हात उचलून डोक्यावरचा वार अडवते. परत येताना मात्र अडथळा नसतो, पावलं पूर्ण पडतात. हिशेब उघड आहे. जाताना अडीच, येताना तीन. दर वेळी मी फुलीच्या अर्धं पाऊल मागे, म्हणजे पलंगाच्या कडेवर. शेवटच्या चार हालचालींपैकी निदान एक बसूनच होते.

शत्रूंबद्दल मात्र तक्रार नाही. इतके सभ्य शत्रू कुणाला मिळतात? एकेक करून येतात, नेमक्या ठरलेल्या बाजूने. माझा तोल गेला तर तो सावरेपर्यंत हात उगारून तसेच ताटकळत उभे राहतात. मध्ये फोन वाजला तर घ्या म्हणतात. मी पंच मारला की न चुकता पडतात. क्लासमध्ये एक बारा वर्षांची मुलगी माझी जोडीदार होती. ती अशी पडायची नाही. उलट माझा गेदान बराई, म्हणजे खालून येणारा वार अडवायचा हात, खाली पोचायच्या आत तिची लाथ माझ्या पोटाशी येऊन थांबायची आणि ती म्हणायची, ‘‘काकू, तुम्ही आधीच खाली बघता.’’ हे अदृश्य लोक कधी सांगणार?

आरशानेही सांगून पाहिलं. पण आरशात बघायला मान वळवली की खांदा वळतो, आणि मग आरसा तो वळलेला खांदाच चूक म्हणून दाखवतो. नवऱ्याला म्हटलं, ‘‘तू बस आणि हिकिते बघ.’’ हिकिते म्हणजे एक हात पंच मारत असताना दुसरा कमरेशी खेचून आणणं. तो पाच मिनिटं गंभीरपणे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘छान. पण तो दुसरा हात वापरत का नाहीयेस?’’ त्याची नेमणूक तिथेच संपली. ऑलिम्पिकमध्ये, 2021 साली तोक्योला, खेळाडू एकट्याने काता करत होते तेव्हा सात परीक्षक समोर बसले होते. मला एक पुरला असता, जरा कराटे कळणारा.

राहता राहिला किआय. नवव्या आणि सतराव्या हालचालीला पोटातून ओरडायचं. पहिल्या रात्री मी मन लावून ओरडले. मुलगी धावत आली, ‘‘आई, झुरळ?’’ आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनी छताला काठीने तीनदा ठोकलं. दुसऱ्या रात्री नवव्याला तीनदा, सतराव्याला चारदा. या सबंध सरावात माझ्या हल्ल्याला वेळेवर उत्तर देणारा एवढा एकच माणूस. हेआन म्हणजे शांतता, असं त्यांना जिन्यात सांगावंसं वाटलं, पण त्यांच्या हातात तीच काठी होती.

मग मी किआय गिळायला शिकले. तोंड उघडायचं, पोट आवळायचं, आवाज सोडायचा नाही. जांभई आवरल्यासारखा चेहरा होतो, पण निभतं.

आणि गेल्या आठवड्यात चमत्कार झाला. काता संपला, खाली पाहिलं, तर दोन्ही पाय फुलीवर! पलंग मागे अस्पर्श. पुन्हा केला, पुन्हा फुली. तिसऱ्यांदा फोन उशीला टेकवून व्हिडिओ काढला आणि रात्रीच सरांना पाठवून दिला. खाली लिहिलं, ‘‘सर, बघा.’’

सकाळी उत्तर आलं. ‘‘टाच उचलते आहे. हिकिते ढिली. आणि परत येताना तिसरा पंच कुठे आहे?’’

व्हिडिओ चार वेळा पाहिला. जाताना कपाटापाशी पाऊल अर्धं. येताना पहिला पंच, दुसरा पंच, मग जांभई आवरल्याचा तो चेहरा, अर्ध्या पावलाची एक छोटीशी उडी, आणि थेट शेवटचं वळण. सतरावी हालचाल गायब. किआय गिळता गिळता मी त्याच्यासोबतचा पंचही गिळला होता, पाऊल धरून.

काका त्या रात्री शांत झोपले असावेत. एकदाही ठोकलं नाही.