कायदा कोणाच्या नावाने, फटका कोणाला

फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या सोहो भागात एका इमारतीवर भलामोठा फलक लागला होता. त्यावर एका कृष्णवर्णीय चिमुरडीचा फोटो आणि सोबत वाक्य : आफ्रिकन अमेरिकन माणसासाठी सर्वांत धोक्याची जागा म्हणजे आईचं पोट. जाहिरात गर्भपातविरोधी संघटनेची होती. फोटो विकत घेतलेला होता आणि तो कशासाठी वापरला जातोय याचा मुलीच्या आईला पत्ताच नव्हता. कळल्यावर ती संतापली. बरीच ओरड झाली आणि काही दिवसांत फलक उतरवला गेला.

आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाला उभं केलंय बघा. त्या लेकराच्या आईला! घरभाडं, पगार, दवाखाना, शाळा, पोलिस, यातल्या कशाचंही नाव नाही. आदल्याच वर्षी अटलांटात असेच फलक लागले होते. त्यांवर कृष्णवर्णीय मुलांना चक्क ‘नामशेष होत चाललेली प्रजात’ म्हटलं होतं. माणसांच्या मुलांना प्रजात म्हणायचं आणि वर त्यांचे कैवारी म्हणवून घ्यायचं, हे मला सहन होत नाही.

हा कळवळा किती खरा आहे ते पैशाच्या व्यवहारात कळतं. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला. तीनच वर्षांनी इलिनॉयचे रिपब्लिकन खासदार हेन्री हाइड यांनी दुरुस्ती आणली : मेडिकेडचे, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेचे केंद्राचे पैसे गर्भपाताला मिळणार नाहीत. हाइड यांनी आडपडदा ठेवला नाही. श्रीमंत असो, मध्यमवर्गीय असो की गरीब, कोणत्याही बाईचा गर्भपात मला थांबवायला आवडेल, पण दुर्दैवाने माझ्या हातात फक्त मेडिकेडचं विधेयक आहे, अशा अर्थाचं ते सभागृहात बोलले. श्रीमंत बाईपर्यंत हात पोचत नव्हता, गरीब बाईपर्यंत पोचत होता. मग तिलाच धरलं.

१९७७ च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सासच्या मॅकॅलन गावात २७ वर्षांची एक मेक्सिकन वंशाची विद्यार्थिनी स्वस्तातल्या, असुरक्षित गर्भपातानंतर जंतुसंसर्गाने गेली. पदरात लहान मुलगी होती. पर्समध्ये ७०० डॉलरचा शिष्यवृत्तीचा चेक सापडला. तो मोडला असता तर चांगला दवाखाना परवडला असता, पण शिक्षण सुटलं असतं. पुढे १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हाइड दुरुस्ती उचलून धरली. युक्तिवाद असा, की बाईची गरिबी सरकारने निर्माण केलेली नाही, त्यामुळे तो अडथळा दूर करणं सरकारवर बंधनकारक नाही. मेडिकेडवर अवलंबून असणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो बायकांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने बरंच जास्त आहे. कायद्यात वंशाचा एक शब्दही न लिहिता घाव बरोबर तिथेच बसतो.

आता आपल्याकडे, म्हणजे भारतीय वंशाच्या लोकांकडे वळू. २०११ मध्येच ॲरिझोना राज्याने लिंग किंवा वंश पाहून केलेल्या गर्भपातावर बंदी घातली. ट्रेंट फ्रँक्स या तिथल्याच खासदारांनी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, तसंच विधेयक आणलं आणि त्याला गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं नाव जोडलं. अशा कायद्यांसाठी पुरावा म्हणून भारत आणि चीनमधल्या घटलेल्या मुलींचे आकडे नाचवले जातात. म्हणजे डॉक्टरकडे आलेल्या आशियाई बाईकडे पहिल्यापासून संशयाने बघायचं. अमेरिकेतल्या काही मराठी मंडळींना हे ‘लेक वाचवा’सारखं वाटतं. तसं ते नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंग चाचणीला चाप लावणारा कायदा केला तेव्हा गर्भपाताचा १९७१ चा कायदा जागेवरच राहिला. त्यासाठी झगडलेल्या मुंबईच्या स्त्रीवादी कार्यकर्त्या गर्भपाताच्या हक्काच्या बाजूनेच होत्या.

आणि शिक्षा कोणाला होते? इंडियानात भ्रूणहत्येचा कायदा स्वतः गरोदर असलेल्या बाईवरच उलटवला गेला, तेव्हा आधी एका चिनी बाईवर खटला भरला, मग भारतीय वंशाच्या एका तरुणीवर. या तरुणीला २०१५ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने भ्रूणहत्येचा ठपका रद्द केला, पण तोवर ती तुरुंगातच होती.

कृष्णवर्णीय समाजातही गर्भपाताला मनापासून विरोध करणारे लोक आहेत, आणि त्यांचा मला आदर वाटतो. मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर या नागरी हक्कांच्या लढ्यातल्या बिनीच्या कार्यकर्त्या. १९६१ मध्ये गाठीच्या ऑपरेशनला गेल्या आणि डॉक्टरने न विचारताच गर्भपिशवी काढून टाकली. त्यांचा गर्भपाताला विरोध होता. ज्या बाईचं आईपण असं हिरावून घेतलं, तिच्या विरोधामागचं दुःख मला कळतं. पण त्या गरिबांच्या जेवणासाठी, जमिनीसाठी आणि मतासाठीही आयुष्यभर झगडल्या. १९९४ मध्ये शिकागोत बारा कृष्णवर्णीय स्त्रियांनी हेच सूत्र धरून मांडणी केली : मूल न होऊ देण्याचा हक्क, होऊ देण्याचा हक्क, आणि झालेलं मूल सुरक्षित वाढवण्याचा हक्क, तिन्ही एकत्रच मागायचे.

फलकवाल्यांना यातला तिसरा हक्क दिसतच नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे जवळजवळ ७० कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या माता २७ च्या आत. ज्या कायद्यावरून २४ जून २०२२ ला ‘रो’ मोडीत निघाला, तो १५ आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घालणारा कायदा मिसिसिपीने २०१८ मध्येच केला होता. त्याच मिसिसिपीत गरीब बाळंतिणीचं मेडिकेड बाळंतपणानंतर दोन महिन्यांत बंद व्हायचं. ते वर्षभर चालू ठेवायला तिथल्या विधानसभेला २०२३ साल उजाडावं लागलं.