ताईला सगळं ऐकू येतं, आईला काहीच नाही

आई व्हिडिओ कॉलवर भरभरून बोलते, पण लिस्बनला बसलेल्या ताईला आईऐवजी आमचे वासे आणि कौलं दिसतात. शिवाय ‘रिसीव्हर कानाला लावल्याशिवाय फोन कसला?’ हे आईचं ठाम मत. म्हणून ताईनं गावच्या एकाबरोबर एक डबी पाठवली. एका भोकात इंटरनेटची वायर, दुसऱ्यात साधा टेलिफोन. तशीच एक तिच्याकडेही, दोन्हींची खाती इंटरनेटवरून फोन जोडणाऱ्या एकाच सेवेत. म्हणजे फोंड्याहून लिस्बनला बोलायला इंटरनेटच्या बिलापलीकडे दमडी नको. ‘लावलं की झालं,’ असं ताई म्हणाली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

राउटर आमच्या ओसरीवर. फायबरवाल्या पोरानं तिथं भोक पाडलं आणि ‘वायफाय सगळीकडे पोचतं’ म्हणून तो निघून गेला. आईची बसायची जागा आत, मध्ये चिऱ्यांची जाडजूड भिंत. जुन्या गोंयकारांनी ती बहुधा वायफायच अडवायला बांधली असावी. डबीला तर वायफाय नव्हतंच, सरळ वायर हवी. ती चौकटीवरून न्यायला आईनं परवानगी दिली. अट एकच, तोरणाच्या आड यायची नाही आणि घरात यापुढे आणखी वायरी नकोत.

आईनं काढून दिला तो डायल फिरवायचा काळा फोन. डबीनं डायल टोन दिला, घंटीही वाजवली, पण आकडा फिरवला की ढिम्म. त्या फोनवर सहा फिरवला की तो लाइन सहा वेळा तोडतो नि जोडतो. आमच्या डबीला बटणांचे सूर तेवढे कळतात, ही टकटक नाही. मग फोंड्याच्या बाजारातून बटणांचा फोन आला. काळा फोन मात्र विणलेल्या रुमालासकट जागेवरच आहे. त्याला हात लावायचा नाही.

डबीचा घरच्या नेटवर्कवरचा पत्ता विचारायला फोनवर चार वेळा स्टार दाबायचे. आतून एक बाई इंग्रजीत आकडे म्हणायला लागली. ‘कोण रे ती? राँग नंबर म्हणून सांग तिला,’ आई म्हणाली. ते आकडे ब्राउझरमध्ये टाकले, उघडलेल्या पानावर ताईनं दिलेलं नाव, पासवर्ड आणि सर्व्हर भरला, हिरवा दिवा लागला. फोन लावला. तिकडे घंटी वाजली, ताईनं उचलला.

आणि शांतता. आईचा शब्द न् शब्द ताईला ऐकू जात होता. ताईचं इकडे अक्षर येत नव्हतं. ताई व्हॉट्सअॅपवर लिहीत होती, ‘आईला सांग, मी बोलतेय!’ आई थोडा वेळ ‘हॅलो, हॅलो’ करत राहिली, मग सावरून बसली आणि शेजारच्यांच्या फणसापासून चतुर्थीच्या माटोळीपर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. ठेवताना म्हणाली, ‘आज ताईनं मध्ये मध्ये तोंड घातलं नाही हो.’

कस्टमर केअरला याचं औषध विचारलं. राउटर बंद करून चालू करा म्हणाले. त्यांच्याकडे दुसरं औषध नसतंच. खरी गोम अशी, की कॉल जोडताना ‘आवाज इकडे पाठवा’ म्हणून डबी स्वतःचा पत्ता कळवते आणि तो असतो १९२.१६८ ने सुरू होणारा, घरापुरता. ‘देवळामागे, माडांकडे’ एवढं आमच्या पोस्टमनला पुरतं, लिस्बनहून येणाऱ्या आवाजानं काय करावं? त्यात राउटरमध्ये सिप एएलजी नावाची एक सोय असते. ती हे निरोप वाटेत उघडून त्यातला पत्ता दुरुस्त करते. म्हणजे करायला जाते. कुणी न विचारता केलेल्या मदतीचं होतं तेच याही मदतीचं बरेचदा होतं. ती बंद केली. डबीत स्टन चालू केलं, म्हणजे बाहेरून आपला पत्ता काय दिसतो ते डबीच बाहेरच्या सर्व्हरला विचारून घेते. ताईचा आवाज आला. पहिलं वाक्य, ‘आई, आता माझं ऐक.’

मग पाऊस लागला आणि लाईट जायला लागली. तांब्याच्या तारेचा फोन होता तेव्हा एक्सचेंजच्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्ट त्याच तारेतून घरी यायचे. घर अंधारात बुडालं तरी फोन चालू. आता फायबरचा डबा, राउटर आणि ही डबी, तिघांनाही वीज लागते. ओसरीवरच्या दोघांना छोटा यूपीएस घेतला. डबी राहिली आत, आणि आत इन्व्हर्टरवर प्लग एकच, टीव्हीचा. एक्स्टेन्शन बोर्ड म्हटलं तर आईनं तोरणाकडे बोट दाखवलं. शेवटी टीव्हीचा प्लग काढून तिथं डबी लावली.

हल्ली संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिच्या दुपारी तीनला, ताईचा फोन लागत नाही. तिनं काळजीनं विचारलं, ‘रोज त्याच वेळी लाईट कशी जाते गं?’ तेव्हा मालिका ऐन रंगात असते आणि त्या प्लगवर टीव्ही असतो.

‘पावसाळा ना बाय,’ आई म्हणाली.