"गुगलवरून उचललेलं" : ठाणेकर यांना उत्तर

नमस्कार ठाणेकर,

उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या गालिच्यांवर मी लेख लिहिला होता, त्याखाली तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात. तिथलं विणकाम अकबराच्या काळापासूनचं ही गोष्ट दंतकथा आहे, जिल्ह्याचं नाव चुकलंय, बालमजुरीवर मी गप्प आहे, आणि शेवटी ते वाक्य, "सगळं गुगलवरून उचललेलं, लेखकाने गालिचा जवळून बघितलाही नसावा."

नावाचं आधी. ते तुमचं बरोबर. १९९४ ला वाराणसीतून वेगळा काढलेला हा जिल्हा, मधे संत रविदास नगर होता, २०१४ मध्ये परत भदोही झाला. मी जुनंच नाव ठेवलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ते वाक्य. अहो, मी नऊ वर्षं बेलापूरला कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात काढली आहेत. भदोहीजवळच्या माधोसिंगच्या आयसीडीतून, म्हणजे कंटेनर डेपोतून, रेल्वेने न्हावाशेव्याला येणारा माल, त्याची शिपिंग बिलं मी स्वतः भरलीत. हाताने गाठी मारलेला गालिचा कस्टमच्या ५७०१ या कोडमध्ये जातो, टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात धागे घुसवून केलेला, ५७०३ मध्ये, आणि एकदा एका पार्टीने दोन्ही एकत्र डिक्लेअर केलं म्हणून अख्खी कन्साइनमेंट अडकली, तेव्हा मे महिन्याच्या उन्हात गाठोडी सोडून एकेक नग उलटा करून बघणारा मीच होतो. गाठींचा असेल तर मागेही तेच डिझाइन दिसतं, टफ्टेडला मागे कापड चिकटवलेलं असतं, नखाने कोपरा उचलला की कळतं. हे मला कुठल्या वेबसाइटने नाही शिकवलं, साहेब.

२०११ मध्ये पदरचे पैसे घालून मी भदोहीला जाऊन आलो. तिथल्या घोसिया गावात एका घरात माग जमिनीत खड्डा करून बसवलेला, म्हातारबाबा पाय खाली सोडून बसलेले. ताण्याच्या दोन धाग्यांभोवती लोकर फिरवायची, खाली ओढायची, सुरीने कापायची. हे सगळं मला दिसायच्या आत होऊन जायचं. ओळ भरली की बाण्याचा धागा घालून वरून पंजा, म्हणजे दातेरी फणी, ठोकायचा. मी तासभर तिथे बसलो होतो, गालिचा जेमतेम बोटाच्या पेराएवढाही वाढला नाही. आणि तुम्ही ठाण्यात बसून "उचललेलं" म्हणता. चूक दाखवा ना, हजार वेळा दाखवा, पण हा शब्द मला लागलाय आणि तो लागल्यावर बाकीचं शांतपणे वाचणं मला जमलं नाही, हे सरळच सांगतो.

अकबराबद्दल. मी "असं तिथले लोक सांगतात" लिहिलं होतं, तुम्ही नेमके तेवढेच शब्द गाळलेत. 'आईन-इ-अकबरी'त गालिच्यांसाठी आग्रा, फत्तेपूर, लाहोर ही नावं आहेत, भदोही नाही, मला ठाऊक आहे. धंदा मोठा झाला तो इंग्रज कंपन्यांमुळे, भदोहीजवळच्या खमरियाची हिल कंपनी, १९२० ची मिर्झापूरची ओबीटी ही गालिचा कंपनी, हेही मान्य. पण कंपनीने भांडवल आणलं, बोटं नाही आणली! गाठ मारता येणारी माणसं तिथे आधीपासून होती म्हणून तर साहेब लोक त्या गावांत गेले. नव्या संसदेत लोकसभेला मोर आणि राज्यसभेला कमळ असलेले गालिचे आहेत ना, ते विणायला नऊशे कारागीर लागले, भदोही-मिर्झापूरचेच. त्यातल्या किती जणांकडे घराण्याचे कागद असतील? नसतील तर त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं लगेच खोटं ठरतं का?

बालमजुरीचा विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन, इथे दोन ओळींत उरकणार नाही.

तुम्ही ठाण्यातच राहता म्हणून लिहितो. त्या बाबांनी दिलेला वीतभर तुकडा नेरूळला माझ्या घरी आहे. ट्रान्स-हार्बरने साधारण अर्धा तास लागतो. रविवारी सकाळी या, उलटा करून बघा, गाठी मोजा, आणि मग परत कमेंट करा.